डब्याची मागची बाजू

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी पुण्यात झाली. वजन कमी करण्याच्या या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण किंवा त्याहूनही जास्त भाग काढून टाकतात आणि नळीसारखं अरुंद पोट मागे उरतं. घरी आल्यावर सुरुवातीला पाण्याचे दोन घोट सलग घेतले तरी छातीत दाटून यायचं. आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं.

सासूबाईंनी लगेच वरणावरचं पाणी सुरू केलं. "हे पीत जा गं, खरी ताकद यातच असते." त्या हिंग-जिरं घालून मायेनं गाळून द्यायच्या आणि ते पोटाला बरंही वाटायचं. पण प्रथिनं डाळीत राहतात, वरच्या पाण्यात अगदी थोडी उतरतात. घट्ट वरणाची पूर्ण वाटी घेतली तरी पाच-सहा ग्रॅम, आणि ती वाटी मला संपत नव्हती. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर मिली दुधात तीन-सव्वातीन. हा हिशेब सासूबाईंसमोर मांडला, तेव्हा प्रथिनांची पावडर कशाला हवी हे त्यांनाही पटलं.

प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात. वजनकाट्यावरचा आकडा उतरतोय म्हणून घरचे खूश असतात आणि जिना चढताना आपल्या मांड्या थरथरत असतात. तो थरथराट मी अनुभवलाय, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सप्लिमेंटच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा म्हणून जो डबा पुढे केला गेला, त्याच्यावर 'प्रोटीन' ही अक्षरं हाताच्या पंज्याएवढी होती. मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टच, मग साखर. ज्या घटकाचं वजन जास्त तो यादीत आधी लिहायचा, असा आपल्याकडे नियमच आहे. म्हणजे त्या डब्यात प्रथिनांपेक्षा पिष्टच जास्त होतं. तो वजन वाढवणाऱ्यांसाठीचा माल. आमच्यासारख्यांना एकदम एवढी साखर पोटात गेली तर घाम, धडधड, मळमळ होऊ शकते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांना तर हा त्रास जास्तच होतो.

मग मी डब्याची मागची बाजू आधी वाचायला लागले. एका मापात प्रथिनं किती? साधारण ३० ग्रॅमच्या मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि साखर नावापुरती असेल, तरच पुढचं बघायचं. यादीतलं पहिलं नाव व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांचं, आयसोलेट आहे की कॉन्सन्ट्रेट? कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडतं, पण त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्यापैकी उरते. शस्त्रक्रियेनंतर अनेकांना ती पचत नाही. मलाही कॉन्सन्ट्रेटच्या नमुन्यानं पोटात गुडगुड आणि गॅसेस झाले, आयसोलेटनं नाही. दूध अजिबात चालत नसेल तर सोया आयसोलेट हा चांगला पर्याय आहे. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख तर बघायचीच.

केस गळायला लागले तेव्हा एका मैत्रिणीनं कोलॅजन सुचवलं. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांचे ते परत येतात. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे एकट्या कोलॅजनवर ६० ग्रॅमचा हिशेब पुरा करता येत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी ते मोजायचंच नाही असं सांगितलं, आणि ते योग्यच होतं.

चवीचं दुखणं वेगळंच. व्हॅनिलाचा वास आला तरी मला उमळायचं. शेवटी बिनचवीची पावडर घेतली. उकळत्या पदार्थात टाकली की तिच्या रबरासारख्या गुठळ्या होतात. म्हणून मुगाचं कढण कोमट होऊ द्यायचं, वाटीत चमचाभर कढणात पावडर आधी कालवून घ्यायची आणि मग बाकीचं कढण हळूहळू घालायचं. जिरेपूड, मीठ, वरून थोडं लिंबू. ताकातही ती छान मिसळते. पण हे एका दमात प्यायचं नाही, घोट घोट घ्यायचं. सगळं माप एकदम घेण्यापेक्षा अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी मला सोसलं.

आता अंडं, पनीर, मासे, घट्ट वरण असं खाता येतं, त्यामुळे पावडर कमी झाली आहे. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चालू आहेत. त्यांची जागा कुठलीही पावडर घेत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर पावडरींची छोटी पाकिटं आधीच आणून चाखून बघा, पण चव आवडली म्हणून लगेच मोठा डबा घेऊ नका, शस्त्रक्रियेनंतर जीभ बदलते. मागच्या बाजूचा फोटो काढून आपल्या आहारतज्ज्ञांना दाखवा. आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांनी आकडा ठरवून दिल्याशिवाय एक चमचाही घेऊ नका.