जरा दम धरा!

जिंकलेल्या संघाचे कौतुक साऱ्या गावाला असते. मला मात्र एक निराळीच खोड आहे. संघ हरला, की मी खेळाडूंची वये पाहत बसतो! नावापुढे एकोणीस, वीस असे आकडे दिसले, की त्या पराभवाचे मला तितकेसे वाईट वाटत नाही. घरातली मंडळी हसतात. हसोत बापडी!

ही खोड मला हॉकीने लावली. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागो येथे ब्रिटनने आपल्याला दोन गोलांनी हरवले आणि १९२८ नंतर प्रथमच आपला हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. २०१२ साली लंडनला गेला, तो सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा, आला. "सगळ्यांना घरी बसवा!" असा निकाल आमच्या कट्ट्यावर एकमताने लागला. सुदैवाने कट्ट्याचे कोणी ऐकले नाही. कारण त्या संघात वीस वर्षांचा मनप्रीतसिंग होता, आणि गोलरक्षकांत श्रीजेश होता.

तरुण खेळाडूला संघात घेणे सोपे. त्याला संघात टिकवणे अवघड. तो चेंडू फार वेळ स्वतःजवळ ठेवतो, पुढे धावतो आणि परत यायचे विसरतो. पण हॉकीत खेळाडू हवा तितक्या वेळा बदलता येतो. चुकलेल्या पोराला दोन मिनिटे बाहेर बोलवावे, चूक समजावून सांगावी आणि पुन्हा आत सोडावे. आमच्या शाळेत बाकावर उभे करीत. इथे बाकावर बसवून शिकवतात! मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना मला हा बाक हटकून आठवतो.

डिसेंबर २०१६ मध्ये लखनौला आपल्या पोरांनी बेल्जियमला २-१ असे हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. पण तेथून टोकियोला पोहोचायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि पोहोचले ते सात जण. लखनौचा कर्णधार हरजितसिंगही त्यांत नव्हता. धीर धरला म्हणजे लावलेले प्रत्येक रोप वाढतेच असे नाही. हेही सोसावे लागते.

या सातांतला सिमरनजितसिंग माझा विशेष लाडका. लखनौच्या अंतिम सामन्यात त्याचा गोल होता, तरी टोकियोच्या मूळ सोळांत त्याला जागा मिळाली नाही. तो राखीव म्हणून गेला. पुढे राखीव खेळाडूंनाही खेळवण्याची मुभा मिळाली. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्ध आपण १-३ असे मागे पडलो, आणि सामना ५-४ ने जिंकला! त्यांतले दोन गोल या राखीव गड्याचे. शेवटच्या क्षणी पेनल्टी कॉर्नर अडवला, तो श्रीजेशने. कर्णधार होता मनप्रीत. ४१ वर्षांनी पदक घरी आले.

पॅरिसला आणखी एक कांस्यपदक मिळवून २०२४ साली श्रीजेश निवृत्त झाला आणि लगेच ज्युनियर संघाचा प्रशिक्षक झाला. मला फार बरे वाटले. बारावा क्रमांक सोसलेला माणूस पोरांजवळ असलेला बरा! त्याच डिसेंबरात मस्कतला त्या पोरांनी पाकिस्तानला ५-३ असे हरवून ज्युनियर आशिया चषक जिंकला. कट्ट्यावर तर त्याच संध्याकाळी पुढच्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक ठरूनही गेले. मी म्हटले, मंडळी, जरा दम धरा. पोरे आत्ता कुठे विशीला टेकली आहेत!