दोरीचं दुसरं टोक

दिसत नसताना मुलगी सरळ रेषेत पळणार कशी, असं पालक मला आता विचारत नाहीत. "सर, गाइड मिळेल का?" असं विचारतात; गाइड म्हणजे दोरीने जोडून सोबत धावणारा डोळस धावपटू. शीवमध्ये राहून दृष्टिबाधित मुलांना स्प्रिंट शिकवताना घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच.

पॅरा अॅथलेटिक्समध्ये त्यांचे तीन वर्ग आहेत. टी-११ मध्ये नजर जवळजवळ नसतेच; तरी प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी सक्तीची, कारण कुणाला उजेडाची चाहूल लागते, कुणाला तीही नाही. टी-१२ ला गाइड हवा तर घेता येतो, टी-१३ ला नाही. गाइडसह धावणाऱ्याला दोन लेन लागतात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत चौघेच.

हा वर्ग बदलला की कारकीर्द कशी बदलते ते सिमरन शर्माकडे पाहावं. मोदीनगरची ही मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली, काही आठवडे काचेच्या पेटीत होती. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ती टी-१३ मध्ये, एकटीच, शंभर मीटर धावली आणि अकरावी आली. पुढे वर्ग टी-१२ झाला, सोबत गाइड म्हणून अभय सिंग आला. मे २०२४ मध्ये कोबेला ती दोनशे मीटरची जगज्जेती झाली. त्याच वर्षी पॅरिसला शंभरमध्ये चौथी, म्हणजे चौघींत शेवटची. आणि दोन दिवसांनी दोनशेत २४.७५ सेकंदांत कांस्य. तिची मेहनत आणि तिचे प्रशिक्षक पती गजेंद्र सिंग यांची शिकवण तर आहेच. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला तितकाच तयार माणूस नसता, तर हे पदक आलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. धावपटूचा एक हात गाइडच्या शेजारच्या हाताशी न ताणणाऱ्या दोरीने, म्हणजे टेदरने, जोडलेला. दोन्ही हात एकदम पुढे जातात, म्हणून पाय आरशातल्यासारखे पडायला हवेत: दोघांचे बाहेरचे पाय एकदम, आतले एकदम. गाइड उंच असला तर त्यानेच पाऊल आखडायचं. वळणावर तो बाहेरच्या बाजूला असेल तर त्याला दीड-दोन मीटर जास्त धावावं लागतं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि अंतिम रेषेवर धावपटूच्या मागेच राहायचं. मी म्हणतो, गाइड शंभर मीटरला निदान पाऊण सेकंदाने वेगवान हवा, नाहीतर सूचना द्यायला त्याच्याकडे श्वासच उरत नाही.

नियम कडक आहेत, कधीकधी निष्ठुरही. पॅरिसलाच स्पेनची एलेना काँगोस्ट मॅरेथॉनमध्ये तिसरी आली. पण रेषा चार पावलांवर असताना कोलमडणाऱ्या गाइडला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली, आणि ती बाद झाली. मला तो निर्णय आजही पटलेला नाही.

त्याच पॅरिसमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य मिळवलं. गोळा एकट्याने फेकता येतो. टी-११ ची मुलगी एकटीने सरावही करू शकत नाही. दादरच्या कमला मेहता अंधशाळेसारख्या जुन्या संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. सिंथेटिक ट्रॅकसाठी प्रियदर्शिनी पार्क किंवा मरीन लाइन्स गाठावं लागतं हे खरं, पण सुरुवातीला साधं मैदानही चालतं. अडतं ते माणसापाशी.

शीव, माटुंगा, परळ भागात कॉलेजसाठी शंभर मीटर धावलेली, नोकरी लागताच स्पाइक्स माळ्यावर टाकलेली माणसं पुष्कळ आहेत. हा अंक वाचणाऱ्यांतही असतील. आता पोट सुटलंय, वेग गेलाय, ही सबब नको. पहिल्यांदा धावायला शिकणाऱ्या शाळकरी मुलीला शंभर मीटरला सोळा सेकंद लागतात. तिला पंधरा सेकंदांचा गाइडही पुरतो. जवळच्या अंधशाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटा, आणि आठवड्यातल्या दोन सकाळी द्या.