अब्बांची फियाट

आमच्या किनाऱ्यावरच्या, म्हणजे श्रीवर्धन ते मुरुडच्या पट्ट्यातल्या जुन्या मुसलमान घरांत एखादी तरी अशी वस्तू असते, जी कुणी वापरत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. कुणाकडे बंद पडलेले घड्याळ, कुणाकडे मचव्याचे सुकाणू. आमच्या माहेरी ती वस्तू म्हणजे १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट.

अब्बा जहाजावर इंजिनखोलीत तेलवाले होते. या भागातली निम्मी माणसे त्या काळी जहाजावरच असत. इटलीच्या जिनोआ बंदरात त्यांनी ही गाडी प्रथम पाहिली. १९७१ साली बोनसचे आणि पेटीतले सगळे पैसे घालून मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून ती विकत घेतली. इटालियन लोक तिला ‘मिल्लेचेंतो’ म्हणतात, म्हणजे अकराशे, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पाहुणा चहा पिऊन उठेपर्यंत त्याला हा शब्द दोनदा तरी ऐकावा लागे.

गाडी दिसायला साधी, डोक्याने चौकोनी, मागे दोन छोटे पंख. हिच्या आधीच्या गोलमटोल गाडीला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. आमच्या वर्गातली मुले मोबाइलवर लाल फेरारी बघतात आणि ‘टीचर, तुमच्या घरची फियाट म्हणजे टॅक्सी ना?’ असे विचारतात. टॅक्सी तर खरीच. पण त्यांना आम्ही एक गोष्ट सांगतो आणि वर्ग गप्प होतो.

एंझो फेरारी अल्फा रोमिओ सोडून बाहेर पडले, तेव्हा काही वर्षे स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही अशी अट त्यांच्यावर होती. म्हणून १९४० साली त्यांनी जी पहिली स्पोर्ट्स गाडी बांधली तिला ‘फेरारी’ हे नाव नव्हते, फक्त ‘८१५’ हा आकडा होता: आठ सिलिंडर, दीड लिटर. तिचा सांगाडा फियाटच्या ११०० गाडीचा होता, आणि इंजिन फियाटच्या दोन अकराशे इंजिनांची डोकी एकापुढे एक ठेवून तयार केलेले होते. अशा दोन गाड्या ब्रेशियाच्या शर्यतीत उतरल्या. दोन्ही शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. पण फेरारींची सुरुवात झाली ती फियाटच्या लोखंडावर.

लढाईनंतर तुरीनच्या चिसितालिया कंपनीने ‘२०२’ नावाची गाडी काढली. पिनिन फारिना यांच्या कारखान्यात हाताने ठोकलेला तिचा ॲल्युमिनियमचा पत्रा इतका सुंदर, की तिचा एक नमुना न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कायमचा ठेवून घेतला आहे. त्या देखण्या बोनेटखाली काय होते? फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन. अडुसष्ट मिलिमीटरचा बोअर आणि पंचाहत्तरचा स्ट्रोक. हेच आकडे पुढे मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीतही होते. चिसितालियाने त्या इंजिनातून जास्त ताकद काढली हे खरे, पण खानदान एकच.

१९३७ सालचे ते इंजिन. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नव्या बांधणीची ११००/१०३ मांडली आणि त्याच वर्षी तिची एक चपळ बहीणही काढली, ‘तुरिस्मो व्हेलोचे’. ती ब्रेशिया ते रोम आणि परत अशा हजार मैलांच्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत धावली. साधी बहीण मात्र हिंदुस्थानात आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. १९६४ साली ‘डिलाइट’ आली; सत्तरीच्या दशकात फियाटशी करार संपला तशी ती आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. तुरीनमध्ये हे मॉडेल कधीच इतिहासजमा झाले. कुर्ल्यात ते शतक संपेपर्यंत निघत राहिले. ज्या रस्त्यावर तो कारखाना होता, त्याचे नाव लालबहादूर शास्त्री मार्ग.

शास्त्रीजींचीही फियाटच. पंतप्रधान असताना, १९६४ साली, त्यांनी ती घेतली. किंमत बारा हजार, खात्यात सात हजार, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज. ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले. गाडी आजही दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. अब्बांना ही गोष्ट फार आवडे. माणूस गेला तरी कर्ज जात नाही, असे ते म्हणत. २००९ साली अब्बा गेले तेव्हा जनाज्याच्या वेळी भाईजानने उभे राहून हाक दिली की, मरहूमकडे कुणाचे काही येणे असेल तर सांगावे. किराणावाल्याचे नऊशे रुपये निघाले. ते त्याच दिवशी दिले गेले.

गाडी त्याआधीच पडवीत विसावली होती. खाऱ्या वाऱ्याला पत्रा आवडतो. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही, तळाचा पत्रा आणि वरचे अंग मिळूनच तिचा कणा. त्यामुळे तळ कुजला की गाडी आतून मोडते, वरून कितीही रंग दिसो. तळ कुजतच होता. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, आणि पडवीचे छप्पर वाशांसकट बोनेटवर बसले. भंगारवाला येऊन पस्तीस हजार देतो म्हणाला. तोही मोठेपणा दाखवल्यासारखा.

कोरोनानंतर भाईजान सत्तावीस वर्षांची कुवेतची नोकरी संपवून परतले. रिकामे बसणे त्यांना जमेना. त्यांनी माणगावचे एक मिस्त्री शोधले. वय सत्तरीच्या घरात, उमेदवारी कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये केलेली. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर तळाच्या पत्र्याला टेकवला आणि तो आरपार गेला. ‘इंजिन जगेल, जमीन मेली आहे,’ असे ते म्हणाले. चौदा महिने काम चालले. तळाचा पत्रा कापून नवा, जुन्याच मापाचा, तुकड्या-तुकड्याने जोडला. एकदम सगळा कापला असता तर गाडी मधून वाकली असती, म्हणून दरवाज्यांच्या चौकटीत आडवे रॉड वेल्ड करून तिला धरून ठेवले होते. मोडलेल्या हाताला खपाट्या बांधतात, तसे दिसत होते. इंजिन बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते म्हणून पेट्रोलचे पाइप बदलले. मुंबईत जुन्या पद्मिनी एकेक करून मोडीत निघत होत्या. त्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोरबाजारात मिळाले. (शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमची त्याच्या थोडी आधी रस्त्यावर आली.)

मारुतीचे इंजिन टाका, त्रास संपेल, असा सल्ला अनेकांनी दिला. भाईजानने ऐकले नाही. स्टिअरिंगजवळचा गियरही तिथेच ठेवला. आम्हाला वाटते, हे बरे केले. दुसरे इंजिन घातले असते तर अब्बांच्या गाडीचे कपडे घातलेली दुसरीच गाडी घरात आली असती.

इथपर्यंत घरात सगळे खूश होते. मग कागद आले.

गाडीची नोंदणी अब्बांच्याच नावावर, आणि मुदत केव्हाच संपलेली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे. जुना नंबरही राहतो, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. भाईजानला ती चालवायची होती. म्हणून दंड भरून साधी मुदतवाढ घ्यायची ठरले. दोन्ही वाटांनी आधी नाव बदलणे आलेच, आणि मालक मयत असला तर बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. पेणच्या आरटीओ कार्यालयासाठी कागद तयार झाले: दोन भाऊ, तीन बहिणी, पाच सह्या.

नेमके त्याच आठवड्यात लग्नाला गाड्या भाड्याने देणारा एक माणूस पुण्याहून आला आणि सहा लाख देतो म्हणाला.

गंजकी होती तेव्हा गाडी कुणाचीच नव्हती. चकाकली आणि पाच जणांची झाली. खरे तर २००९ पासूनच ती पाच जणांची होती. कुरआनने कर्ज आणि वसीयत यांच्यानंतर लगेच वारसांचे हिस्से सांगितले आहेत, मुलाला मुलीच्या दुप्पट, मुलीला तिचा ठरलेला. आमच्या घरी कर्जाची हाक दिली गेली. हिस्स्याची हाक कुणी दिली नव्हती. बहुतेक घरांत देत नाहीत.

धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिच्या मुलाच्या डिप्लोमाची फी तटली होती. ती कागदावर सही करता करता म्हणाली, ‘माझा हिस्सा माफ.’ हे वाक्य आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बहिणीला पाठ आहे. ते ती आनंदाने म्हणते असे नाही. माहेरचा दरवाजा उघडा राहावा, ईदला बोलावणे यावे, बाळंतपणाला भाऊ यावा, यासाठी ती ते म्हणते, आणि भाऊ लगेच ‘अल्लाह तुला सुखी ठेवो’ म्हणून मोकळे होतात. आम्ही गेली वीस वर्षे पाचवीला अपूर्णांक शिकवतो. सातातले एक म्हणजे काय, हे मुलांना समजते. मोठ्यांना समजायला जड जाते.

आम्ही पेन तिच्या हातातून काढून घेतले आणि म्हणालो, ‘आधी हातात घे, मग माफ कर.’

भाईजान चिडले. ‘गाडी मी केली. पस्तीस हजारांचे भंगार होते. त्याचे सात भाग करा, प्रत्येक बहिणीला पाच हजार, आत्ता देतो.’ आपा म्हणाली की भंगार तुम्ही कुणाला विचारून उचलले होते? धाकटा भाऊ बाहेर जाऊन गाडीचा आरसा पुसत बसला. संध्याकाळी गावच्या मौलानांकडे गेलो. मौलाना म्हणाले की, माल गंजला होता तेव्हाही तो सामाईकच होता. भाईजानचा खर्च आधी बाजूला काढा, उरेल ते सातात वाटा, आणि जे ठरेल ते सगळ्यांनी राजीखुशीने, एकमेकांच्या तोंडावर ठरवा.

भाईजानने रात्री वही काढली. त्यांची वही म्हणजे पक्की, स्क्रूसुद्धा लिहिलेला. एकूण खर्च चार लाख साठ हजार. सहा लाखांतून तो गेला की एक लाख चाळीस हजार. सातवा भाग वीस हजार. भावांना चाळीस-चाळीस, बहिणींना वीस-वीस. गाडी विकायची नाही, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. बाकी चौघांचे एक लाख ते देणार. आम्ही त्यांच्याकडे पाहिले. हिशेब आमच्याच पद्धतीने, दोन ओळी मारून, खाली उत्तराला चौकट करून मांडलेला होता.

जुम्याच्या नमाजनंतर चार पाकिटे वाटली. आपाने आपले तिथेच परत केले आणि म्हणाली, ‘याचे सीट-कव्हर शिवा, हिरवे नको.’ आमचे अजून बँकेत आहे. धाकटीने पाकीट उघडून नोटा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि चहा करायला उठली. ‘माफ’ हा शब्द त्या दिवशी घरात कुणी उच्चारला नाही. सोमवारी मुलाची फी भरली गेली. ईदला ती नेहमीसारखीच आली, भाईजान तिला बस स्टँडवरून फियाटमध्येच घेऊन आले.

पेणला तपासणी झाली, कागद हाती आले. मग एका रविवारी दिघीच्या जेट्टीवरून गाडी फेरीबोटीत चढवून आगरदांड्याला उतरवली आणि मुरुडपर्यंत नेली. चढावर ती दुसऱ्या गियरमध्ये जरा कुरकुरते. बोटीवर एका म्हाताऱ्या खलाशाने बोनेटवर हात ठेवून ‘मिल्लेचेंतो!’ म्हटले. आमचे भाईजान काही वेळ बोललेच नाहीत.

मागच्या डाव्या दिव्याची काच मात्र अजून मिळालेली नाही. सध्या पद्मिनीची बसवली आहे आणि ती नीट बसत नाही. वाचकांपैकी कुणाच्या पडवीत, माळ्यावर १९६६ च्या आसपासच्या डिलाइटची अशी काच पडून असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. योग्य किंमत दिली जाईल. वस्तू वडिलांची असेल तर भावा-बहिणींना आधी विचारून घ्यावे.