गाडीचा कुलवृत्तांत

ऑपेरा हाऊस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? हिरेवाले? त्यातले बरेचसे २०१० नंतर बीकेसीत गेले. २०१६ मध्ये नटूनथटून पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाऊस? की बाबांकडून पैसे उकळून लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेला पहिला पीसी? सगळं खरं. पण या सगळ्याच्या मधोमध आणखी एक दुनिया आहे आणि आपण मोबाइलमध्ये डोकं घालून टॅक्सीतून ती रोज ओलांडतो. मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार!

एखाद्या शनिवारी चर्नी रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड, त्रिभुवन रोडच्या आसपास पायी भटका. चकाचक सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवाली दुकानं सोडून द्या, ती कुठेही दिसतात. शोधायचं ते एका शटरएवढं रुंद आणि बोगद्यासारखं खोल दुकान. दारात फॅनबेल्टची तोरणं, आत छतापर्यंत लाकडी खण, वर पोटमाळा, शिडीवर एक पोरगा आणि हवेत ग्रीस आणि रबराचा मिक्स वास. परफ्युमवाल्यांनी बाटलीत भरला तर मी घेईन!

इथला पहिला प्रश्न ठरलेला. ‘सॅम्पल लाया क्या?’ म्हणजे तुटलेला, झिजलेला जुना पीस. तो नसेल तर आपली पंचाईत, कारण आपल्याला फक्त ‘खालून टकटक आवाज येतो’ एवढंच सांगता येतं. अशा वेळी जुन्या दुकानात काउंटरखालून एक जाडजूड बाड निघायचं. कोपरे दुमडलेले, पानांवर बोटांचे काळे ठसे. पार्ट्स कॅटलॉग.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅटलॉगमध्ये गाडीचा एकेक अवयव उकलून काढलेला असतो. गिअरबॉक्स घ्या. प्रत्येक चक्र, वॉशर, स्प्रिंग, नट सुटा होऊन हवेत तरंगतोय, पण सगळे आपापल्या रांगेत, जसे बसवायचे तसेच. प्रत्येकाला आकडा. समोरच्या पानावर त्या आकड्यासमोर पार्ट नंबर, नाव आणि गाडीत असे किती लागतात ते. कंपनीच्या दृष्टीने ही नुसती ऑर्डर देण्याची यादी. पण आपल्याकडचे मिस्त्री ती चित्रं बघून गाडी खोलायला आणि जोडायला शिकले. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अडायचं नाही.

खरी मजा समासात. पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलेले भाव, बदललेले नंबर, अमक्याच्या जागी तमक्या गाडीचा चालतो अशा खुणा. ही माहिती कुठल्याही कंपनीने छापलेली नाही. ती दुकानदाराची कमाई. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत असतात ना, कोण कुठून आलं, कुणाचं लग्न कुणाशी झालं, तसंच हे. सोयरिकीसकट!

भाषाही खास. कॅटलॉगमध्ये ज्याला फ्युएल पंप म्हणतात, त्याला काउंटरवर एसी पंप म्हणायचं. एअर कंडिशनरशी काही संबंध नाही. एसी म्हणजे आल्बर्ट चॅम्पियन या फ्रेंच सायकलपटूची आद्याक्षरं. तो अमेरिकेत गेला, तिथे त्याने स्पार्क प्लगची कंपनी काढली आणि त्याची आद्याक्षरं मुंबईच्या गॅरेजात कायमची मुक्कामाला आली.

अमेरिकेवरून आठवलं. तिकडे शिकागोमध्ये १९१५ साली भंगाराच्या धंद्यातून जे. सी. व्हिटनी ही पेढी उभी राहिली. तिचा जाड कॅटलॉग पोस्टाने घरोघरी जायचा. रात्री अंथरुणात पडून पानं उलटायची, हवं ते मागवायचं. आपल्याकडे उलटा हिशेब. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की इथे गाडी बनवणार असाल तर थांबा, नुसती जोडणार असाल तर निघा. १९५४ पर्यंत कंपनीने गाशा गुंडाळला. शेवरोले, ब्युइक मात्र रस्त्यावरच राहिल्या. आयातीवर बंधनं. अशा वेळी कॅटलॉग म्हणजे काय मिळणार नाही याची सचित्र यादी! तरीही त्या गाड्या पुढे कित्येक वर्षं धावल्या, कारण चित्र आणि माप हातात असलं की लेथवर पार्ट बनवून घेता यायचा.

मग आपल्या हक्काची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. आधी ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ पासून ११०० डिलाइट, १९७४ पासून पद्मिनी. डिलाइट ते पद्मिनी, चेहरा थोडाफार बदलत गेला, पण इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगलाच. म्हणजे मुलाच्या गाडीला वडिलांच्या गाडीचा कॅटलॉग बराचसा चालायचा. आजच्या मॉडेलांबद्दल असं म्हणून दाखवा.

पण या बाजाराचा खरा अन्नदाता हौशी मालक नव्हता, टॅक्सीवाला होता. किंगपिन, क्लच प्लेट, ब्रेक शू, हजारो टॅक्सींना सतत लागायचं, म्हणून कुणीतरी ते बनवत राहायचं. तुमच्या सोसायटीतल्या काकांची जपलेली पद्मिनी त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर जगत होती. २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर झाली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही टॅक्सी राहिली नाही. पेपरांत अश्रू ढाळून झाले, सेल्फी झाल्या. पण गिऱ्हाईक गेलं की माल बनवणारा जातो आणि मग खणातले डबे रिकामे होत जातात, त्याची बातमी होत नाही.

आणि नेमका आता कॅटलॉगला भाव आलाय. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली-प्रदर्शनाला चालेल. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आता गणित करा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली! पण ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं काय? मधल्या पन्नास वर्षांत मिळेल ते लावून गाडी चालवलेली. इंजिनावर सध्या आहे तो कार्बोरेटर कंपनीचा की शेजारच्या गॅरेजवाल्याच्या कृपेचा? बाबांना आठवत नाही, कंपनीला विचारायची सोय नाही. उत्तर त्या काळ्या ठशांच्या पानांवर आहे.

नेटवर सगळं मिळतं, असं म्हणाल. काही कॅटलॉग स्कॅन होऊन मिळतात, झकास सोय आहे. पण समासातली पेन्सिल सगळ्या स्कॅनमध्ये येत नाही. आणि नव्या गाड्यांचं म्हणाल तर कंपनीच्या डीलरकडे चासी नंबर कॉम्प्युटरवर टाकायचा, अख्खी असेंब्ली बदलायची, बिल भरायचं. आत काय होतं ते आपल्याला कळायचं कारणच नाही. मला हे पटत नाही, पण ऑफिसची वेळ गाठायची असते तेव्हा मीही तेच करते.

कॅटलॉगवाल्यांकडून शिकलेली एक युक्ती मात्र सांगून ठेवते, भाव मारायला उपयोगी पडेल. बेअरिंगवर कोरलेला नंबर बघा. समजा ६२०५. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला ५ ने गुणा, २५. आतलं भोक २५ मिलिमीटर! ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. ऑइल सीलवर ३५-५२-७ असं असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. हे कळलं की गाडी बनवणारी कंपनी बुडाली तरी बिघडत नाही. तो पार्ट मोटारीचा राहतच नाही, नागदेवी स्ट्रीटवरच्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतो.

आता जाल तर थोड्या टिप्स. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. जुना पीस पुसून पिशवीत घालून न्या. घाई करू नका, आणि कॅटलॉगचा फोटो काढायचा तर आधी विचारा, ती त्यांची कमाई आहे. पुणेकरांनी नाना पेठेत चक्कर मारावी. आणि कॅटलॉग विकतच हवा असेल तर ग्रँट रोडच्या पलीकडे चोर बाजार आहेच. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात, पण रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, लवकर पोहोचा. बाड हाती लागलं तर भाव करण्याआधी मधली चित्रांची पानं मोजा. जुन्या गाड्यांची चित्रं फ्रेम करून कॅफेत टांगायची फॅशन आहे. क्लचचं पान कुणाच्या भिंतीवर गेलं असेल, तर उरलेल्या बाडाचे अर्धेच पैसे द्या.