कापूस चालत नाही

चाचांनी माप घ्यायला टेप काढली तेव्हा मी म्हणालो, "कंबर सैल ठेवा, आत आणखी एक पँट येणार आहे." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. आमच्या देऊळघाटात त्यांनी आजवर शाळेचे गणवेश शिवले, लग्नाच्या शेरवान्या शिवल्या. बर्फावर घसरायची पँट त्यांच्याकडे कोणी मागितली नव्हती.

ही 2018 च्या जानेवारीतली गोष्ट. हाताशी तीस हजार होते आणि मोबाइल रिचार्जचं दुकान सांभाळायला भाऊ तयार होता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बर्फ पाहाले तीस हजार? फ्रीज उघडून पाय ना मंग!" आईने काही न बोलता तिळाचे लाडू करायला घेतले.

स्कीइंग म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असं मलाही वाटायचं. पण गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे. तिच्या कोर्सच्या फीमध्ये राहणं, जेवण, शिकवणं आणि स्की-बूटसुद्धा येतात. म्हणजे सगळ्यात महागाचं सामान विकत घ्यायचंच नव्हतं. उरला प्रवास आणि अंगावरचे कपडे. खरी काटकसर तिथेच करायची होती, आणि खऱ्या चुकाही मी तिथेच केल्या.

स्वेटर आणि लोकरी टोपी थंडीत बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून घेतली. तेही हंगाम संपता संपता, भाव उतरल्यावर. बाहेरच्या पँटसाठी एक जुना मोठा रेनकोट चाचांपुढे टाकला. चाचांनी तो उसवला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "कपडा अच्छा है, लेकिन पानी सिलाई से आएगा." सुई जिथे जिथे जाते तिथे भोक पडतं, हे मला सुचलंच नव्हतं. त्यावर त्यांनी उपाय काढला तो सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनचा. प्रत्येक शिवणीवर आतून त्याचा हात फिरवला. दोन दिवस दुकानात तोच वास. शिलाई घेतली दीडशे.

बुटांसाठी पायाचं मापही त्यांच्याच टेपने घेतलं: साडेसव्वीस सेंटिमीटर. पुढे कळलं की स्कीच्या बुटांचा नंबर हाच असतो, पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. संस्थेच्या स्टोअरमध्ये लोक आपला सात-आठ नंबर सांगत होते, मी टेपवरचा आकडा सांगून मोकळा झालो. एवढाच काय तो माझा रुबाब.

राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून भुसावळ आणि मग पुण्याहून येणारी झेलम एक्सप्रेस. भुसावळला एकदा बसलं की थेट जम्मूतवी. जम्मूत उतरलो आणि फोन मुका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. अख्ख्या गावाला रिचार्ज मारून देणारा मी! त्यात वर बर्फ पडल्याने हायवे बंद. जम्मूच्या लॉजवर दोन रात्री काढल्या. माझ्या खर्चाच्या वहीत तिकीट होतं, फी होती, चहासुद्धा होता. 'अडकलो तर' असा रकाना नव्हता. कोर्सच्या बरंच आधी निघालो होतो म्हणून निभावलं. पुढे जीपने बनिहाल, तिथून अकरा किलोमीटरच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे, श्रीनगर, आणि शेअर सुमोने गुलमर्गच्या पायथ्याचं टंगमर्ग. टंगमर्गला गाडीतून पाय खाली टाकायच्या आत तिघांनी भाड्याचे गमबूट पुढे केले. पँटवरचा विश्वास आणि खिशातली नड, दोन्हींमुळे मी नाही म्हणालो.

कोर्सच्या पहिल्या दिवशी बर्फ नव्हे, घाम भेटला. सुरुवातीला चढ आपल्याच पायांनी चढायचा असतो, स्की आडव्या ठेवून, खेकड्यासारखा. मग वरून टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून घसरायचं. तासाभरात मी आतून ओला आणि थांबलो की दात वाजायचे. शिकवणाऱ्या काश्मिरी उस्तादांनी माझ्या कॉलरमध्ये बोट घालून आतला कपडा चिमटीत धरला. "कॉटन? यह नहीं चलेगा."

दोन सुती बनियन, वर सुती शर्ट. कपाशीच्या मुलखातला माणूस दुसरं काय घालणार? पण कापूस घाम पितो, धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. हे आमच्याकडच्या मेंढक्यांना ठाऊक आहे. भर पावसात ते घोंगडीची खोळ घेऊन उभे असतात. मी मात्र अंगालगत लोकर घालायचं सोडून बनियनांची घडी घेऊन आलो होतो. गोंडोलासाठी, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेसाठी, बाजूला ठेवलेले पैसे त्या संध्याकाळी दोन थर्मलमध्ये गेले. वरचा अफरवाट डोंगर मी खालूनच पाहिला.

पडलो किती ते मोजणं तिसऱ्या दिवशी सोडलं. शेवटच्या दिवशी मात्र गोल्फच्या मैदानाकडच्या उतारावर न पडता डावी-उजवी अशी सहा वळणं घेतली. सातव्याला पडलो.

चाचांच्या शिवणींतून थेंबही आत आला नाही. पँट फाटली ती घोट्याजवळ आतल्या बाजूला, स्कीची लोखंडी धार घासून. परत आल्यावर पँट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आधी शिवणी बघितल्या, मग ती फाटलेली जागा, आणि मोटारसायकलच्या सीटचं रेक्झिन कापून दोन्ही पायांना ठिगळ मारलं.

सध्या ती पँट भाऊ कपाशीवर फवारणी करताना घालतो.