आबांच्या घड्याळाची रंगरंगोटी

घरात एखादी जुनी वस्तू स्वस्थ पडलेली दिसली की काही पुरुषांचे हात शिवशिवतात. आमचे हे त्यांतलेच. पंखा झाला, इस्त्री झाली, मग पाळी आली आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घड्याळाची.

घड्याळ एचएमटीचे, 'जनता'. रोज चावी द्यायची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ साली बंगलोरला घड्याळाचा कारखाना काढला आणि साहेबाच्या मनगटावरची वस्तू हळूहळू कामगाराच्या मनगटावर आली. आबांनी बोनसच्या पैशांतून ते घेतले, तेव्हा चाळीतली माणसे भोंगा व्हायच्या आधी त्यांना वेळ विचारायची. पुढे गिरणी बंद पडली. एचएमटीची घड्याळ कंपनीही बंद करायचे सरकारने २०१६ साली ठरवले. आबांचे घड्याळ मात्र चालूच. फक्त डायल पिवळी पडून तिच्यावर डाग आले होते.

"दुकानात कशाला? घरीच करतो," हे म्हणाले. मागचे झाकण उघडले, चावीचा दांडा काढला, काटे उचलले. डायल म्हणजे पितळेची पातळ चकती. तिच्यावरची अक्षरे शाईने छापलेली असतात, हे टर्पेंटाइनचा बोळा फिरवल्यावर ह्यांना कळले.

"जनता गेली, डाग राहिले," सासूबाई म्हणाल्या. "निवडणुकीनंतर होतं तसंच!"

मग खिडकीचा उरलेला ऑइलपेंट निघाला. डायल ३ सेंटिमीटरची, परीघ साडेनऊ. म्हणजे एका मिनिटाच्या वाट्याला जेमतेम दीड मिलिमीटर! मिनिटांच्या रेघा कोण मारणार? लेकीने बारीक ब्रशने फक्त बारा आकडे काढले, चांगले ठसठशीत. सगळे जोडले आणि घड्याळ बरोबर आठला थांबले. तासकाटा डायलच्या अगदी लगत फिरतो, तो आठच्या जाड रंगाला अडला होता. पुन्हा उघडा, पॉलिश पेपरने घासा. आमच्या घरी आठ वाजायला दोन दिवस लागले.

एक सांगते. अंधारात चमकणारे आकडे असलेले फार जुने घड्याळ असेल, तर ते घरी खरवडू नका. पूर्वी त्या रंगात रेडियम घालत. चमक गेली तरी त्याचा धोका जात नाही.

आता आबा काय म्हणतील, ह्या धास्तीने हे पाणी प्यायला आत गेले. आबांनी घड्याळ हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले.

"सव्वादहा," ते म्हणाले.

आम्ही भिंतीकडे पाहिले. सव्वादहाच झाले होते. डोळे अधू झाल्यापासून आबांना वेळ आम्हाला विचारावी लागत होती. जुने बारीक आकडे त्यांना दिसत नव्हते, आणि हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते.

आता ते न विचारता सगळ्यांना वेळ सांगतात. आणि ह्यांची नजर माझ्या शिलाई मशीनवर आहे.