आपलेच दात

दार लागलं, असं मैत्रीण म्हणाली. खालचा ओठ सुजला होता. मी 'बर्फ लाव' म्हटलं. कोणतं दार, ते विचारलं नाही.

तेव्हापासून आजीची म्हण मनातून जात नाही: आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊबंदकीचा विषय निघाला की आजी एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा. दाताची तक्रार करायची, तरी ओठाला तोंड तेच.

मैत्रीण आणि तिची जोडीदार, दोघी एकमेकींच्या; घरमालकाच्या लेखी रूममेट. एकीनं हात उगारला, 'तुझ्या घरी सगळं सांगेन' म्हणून धमकावलं, तर दुसरीनं जावं कुठं? आधी नातं सांगायचं, मग मार. नातं ऐकल्यावर मार ऐकून घ्यायला कोण थांबणार?

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, त्याच्या व्याख्येत 'सज्ञान पुरुष' असे शब्द होते. 2016 साली एका मायलेकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते काढले. तरी नातं रक्ताचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं, लग्नाचं, निदान लग्नासारखं हवंच. 2023 साली त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मग त्या 'लग्नासारखं'मध्ये या दोघींचं घर बसतं का?

पण मी पुन्हा आजीपाशीच येते. ही म्हण म्हणायची तेव्हा तिच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. कवळी होती, रात्री वाटीभर पाण्यात ठेवलेली. जेवताना कधी ओठ चावला जायचा. ती थांबायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा जेवायला लागायची. चावलेला ओठ सुजतो, आणि सुजला की पुन्हा त्याच दाताखाली येतो. कवळी काही जन्माची नव्हे, मागाहून आणलेली. काढून ठेवता येणारी. तरी आजी 'आपलेच' म्हणायची. का? कवळी नसली की तिला भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे, म्हणून?

'निघून ये' असं मी मैत्रिणीला म्हणणार होते. पण ती जशी आहे तशी तिला ओळखणारं ते एकच घर आहे. त्या घरासाठी मी माझ्या आईशी भांडले होते. हेही प्रेमच आहे, असं ठासून सांगितलं होतं. दार कोणतं, हे न विचारताना मी मैत्रिणीची लाज राखत होते, की आईपुढं जिंकलेलं ते भांडण?

काल तिला फोन लावला. दोघीही घरात होत्या. आम्ही पावसाबद्दल बोललो.